परवा म्हणजे कधी

१ जानेवारी, बुधवार

आज डेअरीत डायरी मिळाली. हे वाक्य ऐकलं की माझी लेक छकुली खुदखुदते, म्हणून तिला ते चार वेळा म्हणून दाखवलं.

पशुखाद्याच्या कंपनीची डायरी आहे. वर गायीचं चित्र, आणि गायीच्या चेहऱ्यावर बढती मिळाल्यासारखं समाधान. नवरा म्हणाला, "दुधाचा रतीब लिव त्यात." रामहरीला अजून वाटतं की डेअरीत काम करणारी बाई दूधच मोजते. मी दुधाला हातही लावत नाही, मी फोन घेते. बारामतीपासून पार इंदापूरपर्यंत ज्यांचं दूध आमच्याकडे येतं, त्यांचं जनावर आजारी पडलं की ते आमच्या नंबरवर फोन करतात. मी नोंद करते आणि ती डॉक्टरांकडे जाते. दिवसाला पन्नास-साठ फोन होतात. सहा वर्षं झाली.

उचलला की म्हणायचं, "नमस्कार, मी सारिका बोलतेय." माझं नाव सारजा, माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या आईचं. नोकरीला लागले तेव्हा आमचे मॅनेजर विजयसिंह सर म्हणाले की फोनवर सारजा जरा जुनाट वाटतं. तेव्हा मलाही ते पटलं होतं. आता सासरी, ऑफिसात, शेजारीपाजारी मी सारिकाच आहे. सारजा म्हणणारं एकच माणूस उरलंय, आप्पा, आणि ते भिगवणला.

नवं वर्ष म्हणून आप्पांना फोन केला. "कधी येताय?" "परवा येतो," म्हणाले. आप्पांचा परवा गेली तीन वर्षं चालू आहे.

३ जानेवारी, शुक्रवार

ऑफिसात नवीन ॲप आलं. आतापर्यंत मी वहीत लिहायची आणि डॉक्टर युवराजांना फोन करून तोंडी सांगायची. आता तोंडी काही सांगायचं नाही. एकच चौकोन, त्यात नाव, गाव, जनावर, तक्रार सगळं लिहायचं की ते थेट डॉक्टरांच्या मोबाईलवर. शनिवार-रविवार मला सुट्टी असते तेव्हा सर स्वतः फोनवर बसतात. त्यांना ॲप फार आवडलंय.

कॉम्प्युटरचं बघणारा शिवम शेजारी उभा राहून शिकवत होता. "मॅडम, थोडक्यात लिहायचं बरं का, कारण जास्त झालं की पुढचं..." एवढ्यात फोन वाजला.

तोच फोन. दुपारी तीनच्या सुमाराला येतो. मी माझं नमस्कार म्हणते, पलीकडे कुणी बोलत नाही. मागे ट्रकचे हॉर्न, कपबश्यांचा आवाज. जरा वेळ थांबून ठेवून देतात. असेल कुणी रिकामटेकडा. ठेवून वळले तर शिवम निघून गेलेला. असो, थोडक्यात लिहायचं एवढं तर कळलं.

८ जानेवारी, बुधवार

आज माझी कॉलर ताठ आहे. ड्रेसला कॉलर नाही, तरी ताठ आहे.

निरवांगीहून, म्हणजे माझ्या माहेरहून, दत्तोबांचा फोन. "ताई, गाय बसलीया ती उठंना झालीया. काल व्याली."

मी म्हटलं, "दत्तोबा, तिच्या कानाला हात लावा. गार लागतोय का?"

"व्हय की. बर्फावानी हाय."

कान गार म्हणजे व्याल्यावर अंगातला चुना, डॉक्टरांच्या भाषेत कॅल्शियम, उतरलेला. थांबण्यात अर्थ नव्हता. मी ॲप बाजूला ठेवलं आणि युवराजांना सरळ फोन लावला. ते तिकडच्याच रस्त्याला होते. तासाभरात सलाईन लागलं, दुपारी गाय उभी राहून वासरू चाटत होती. युवराज म्हणाले, "मॅडम, तुम्ही अर्ध्या डॉक्टर आहात." मी म्हटलं, मग अर्धी गाडी तरी द्या.

कानाचं मला आप्पांनी शिकवलं. आमचा मेंढरांचा वाडा, म्हणजे कळपाचा तळ, रानात बसलेला असायचा. उजाडलं की आप्पा एकेका मेंढीच्या कानाला हात लावत फिरायचे. म्हणायचे, "जनावर त्वांडानं बोलत न्हाय आन कानानं खोटं बोलत न्हाय." कुठली मेंढी खोकली हे ते पाठमोरे असताना सांगायचे. मला शाळेत कधी नंबर मिळाला नाही. पण फोनवरच्या माणसाच्या धापेवरून जनावर किती अडलंय ते मला कळतं. हे लिहिताना मला अजिबात लाज वाटत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आप्पा येणार होते, आले नाहीत. तिळगूळ डब्यात घालून ठेवला.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी सगळी मेंढरं एका दिवसात विकली. वय झालं म्हणाले. निरवांगीच्या घराला कुलूप लावलं आणि भिगवणला हायवेवरच्या एका हॉटेलात वॉचमन म्हणून राहिले. मी येते म्हटलं की म्हणतात, "हितं नको येऊस, धूळ लय हाय." ज्या माणसाने जन्मभर मेंढरांमागची धूळ खाल्ली, त्याला हायवेची धूळ सोसेना.

मला ते दिवस फार आठवतात. घोंगडीवर मध्ये मी, एका बाजूला आई, एका बाजूला कोकरं. लोकरीचा ओलसर वास. आई गेली, मेंढरं गेली, आणि आप्पा असून नसल्यासारखे. छकुलीला त्यांचा पटका आठवतही नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

बासष्ट फोन. कारखाने जोरात चालू आहेत, उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ते अडलेत, डॉक्टर कुठेच वेळेवर पोचत नाहीत आणि शिव्या मला. दुपारी भिगवणजवळच्या मदनवाडीतून ठमाबाई म्हणून एका म्हातारीचा फोन आला. "परवा व्यालीया गाय, आजून जार पडली न्हाय." व्याल्यावर जार, म्हणजे वासरामागची वार, दिवसभरात पडली पाहिजे, आत राहिली की सडते. मी तिला सगळं परत म्हणून दाखवलं, लिहिलं, पाठवलं. लगेच दुसरा फोन. मग तिसरा. घसा बसलाय. उद्या सुट्टी.

२१ जानेवारी, मंगळवार

ठमाबाईंची गाय मेली.

मी केलेली नोंद डॉक्टरांनी वाचली ती अशी: ठमाबाई, मदनवाडी, माळावरची वस्ती गाय तिसरं वेत परवा. बास. त्यांना वाटलं, गाय परवा तिसऱ्यांदा विणार आहे. म्हणून ते रविवारी गेले. तोवर गायीच्या अंगभर विष पसरलं होतं. काल ती गेली.

आज मीटिंग. चौदा माणसं. सरांनी माझी नोंद मोठ्या पडद्यावर लावली. "परवा म्हणजे कधीचा परवा, मॅडम? गेलेला की येणारा?" सगळे हसले. हसण्यासारखं आहेच. काल आणि उद्याला आपण वेगवेगळे शब्द ठेवले आणि परवाला एकच. दोन दिवस मागे काय नि दोन दिवस पुढे काय, हाताला दोन्ही लागत नाहीत, असं जुन्या लोकांना वाटलं असेल.

मला पक्कं आठवत होतं, की मी "व्यालीय, जार पडली नाही" असं लिहिलं होतं. पण पडद्यावर ते नव्हतं. एवढा मोठा पडदा खोटं कसं बोलेल? म्हणजे मीच लिहिलं नसणार. युवराज खाली मान घालून बसले होते. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

सरांनी खुलासा मागितलाय. चूक मान्य करून, सहीनिशी. पंधरा फेब्रुवारीच्या आत.

२३ जानेवारी, गुरुवार

माझं नवीन नाव परवाबाई. कुणी तोंडावर म्हणत नाही. चहाच्या टेबलाजवळ गेले की "मग परवा काय करायचं" असं कुणीतरी म्हणतं आणि बाकीचे कपात बघतात.

सहा वर्षांत असे चौदा-पंधरा हजार... नाही, जास्त. किती फोन घेतले असतील मी. त्यातला एकही आज आठवत नाही. एकच आठवतो.

२८ जानेवारी, मंगळवार

आता मी प्रत्येक गोष्ट तीनदा विचारते. गाय ना? गायच ना? म्हैस नाही ना? आज एक जण वैतागून म्हणाला, "ओ बाई, गाय आन म्हस मला कळती, तुमाला कळत न्हाय का?" मला खरंच रडू आलं. पूर्वी असल्या माणसाला मी दोन वाक्यांत गार करायची.

आणि काल-परवा (पुन्हा हाच शब्द) दत्तोबांचाच फोन आला. शेजाऱ्याची गाय खात नव्हती. कानाला हात लावा म्हणायला तोंड उघडलं आणि म्हटलंच नाही. वाटलं, मी कोण सांगणारी? चुकलं तर? "डॉक्टर येतील," एवढंच म्हटलं. दत्तोबांनी बरं म्हटलं. मग म्हणाले, "तीच ताई बोलती न्हवं?"

तीनला तो मुका फोन आला. मागे हॉर्न. मला वाटलं, हाही परवाबाईची मजा बघणाऱ्यांतला. मी म्हटलं, "का छळताय? एवढी हौस आहे माझी फजिती ऐकायची?" आवाज फुटला माझा. पलीकडे कुणीतरी श्वास घेतला, बोलणार असल्यासारखा. मग फोन ठेवला. शिवमला नंबर दाखवून बंद करायला सांगितलं. तो म्हणाला, "हॉटेलचा लँडलाईन दिसतोय, मॅडम. गिऱ्हाइकं फोन करत असतील. बघतो." म्हणजे दारुडे असणार.

२९ जानेवारी, बुधवार

सकाळी सकाळी आप्पांचा फोन. स्वतःहून. तीन वर्षांत दुसऱ्यांदा. "बरी हायस नव्हं?" म्हणाले. मी म्हटलं, हो, का? "काय न्हाय. इचारलं." आणि ठेवला. म्हातारपणात माणसाच्या मनात काय येईल सांगता येत नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

छकुली खेळण्यातला फोन घेऊन "नमस्कार, मी सारिका बोलतेय" खेळायची. गेले काही दिवस खेळत नाही. आज विचारलं तर म्हणाली, "तू घरी आल्यावर फोन नको म्हणतेस ना, म्हणून मी पण ऑफिस सोडलं." सात वर्षांची आहे.

तीनला फोन आला नाही. मंगळवारपासून आलेला नाही. बरं झालं, ब्याद गेली. पण तीन वाजले की माझं लक्ष जातं.

५ फेब्रुवारी, बुधवार

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. फार गोड बोलले. म्हणाले, फोनचं काम ताणाचं असतं, सगळ्यांना झेपत नाही. पशुखाद्याच्या गोदामात जागा आहे. पोत्यांवर शिक्के मारायचे. "तिथं कुणाशी बोलायला लागत नाही. चूक व्हायचा प्रश्नच नाही. खुलाशावर सही करा आणि एक तारखेपासून तिकडे जा. विषय संपला." खुलासा त्यांनी टाईप करून ठेवला होता. किती समजूतदार माणूस.

मला एकदम हलकं वाटलं. पोत्यांना परवा नसतो.

घरी सांगितलं. रामहरी पिकअपच्या काचा पुसत होता. पुसायचं थांबला नाही. म्हणाला, "तितं कोन बोलनार तुझ्यासंगं? पोती? तू झोपंत बी गायीचं कान इचारतीस."

"आता नाही विचारत," मी म्हटलं.

"म्हाईत हाय," म्हणाला. "म्हनून तर मला झोप येत न्हाय."

९ फेब्रुवारी, रविवार

खुलासा पिशवीत घालून आप्पांकडे गेले. न कळवता. सही करायच्या आधी एकदा त्यांना बघावंसं वाटलं, एवढंच. का ते विचारलं तर मला सांगता येणार नाही.

भिगवणला सध्या पक्षी बघणाऱ्यांची जत्रा आहे. उजनीच्या पाण्यावर रोहित आलेत, त्यांच्या मागे पुण्याच्या गाड्या, आणि गाड्यांच्या मागे मासळीची ताटं. आप्पांचं हॉटेल स्टँडपासून चालत दहा मिनिटं. मी रस्त्याच्या अलीकडे, पानाच्या टपरीशी थांबले.

आप्पा दिसले. निळा शर्ट, निळी पँट, डोक्यावर छोटी टोपी. त्या डोक्याला दहा हात पटक्याची सवय. एक मोठी पांढरी गाडी मागे घेत होते कुणीतरी, आणि आप्पा हात हलवत तिला जागेवर आणत होते. तोंडाने म्हणत होते, "हुर्रर्र... ह्यॅ ह्यॅ... हुर्रर्र." मेंढरं वाड्यात घालताना म्हणायचे, अगदी तसं. गाडी नीट दोन गाड्यांच्या मध्ये बसली. आतून उतरलेला पोरगा "हुर्रर्र" करत हसत आईमागे आत गेला. आप्पांनी टोपी सरळ केली आणि पुढच्या गाडीकडे वळले.

मला वाटलं, असंच परत फिरावं. इतकी वर्षं ते मला येऊ नको का म्हणत होते, ते मला त्या क्षणी कळलं, आणि कळायला नको होतं. पण तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. टोपी काढून पाठीमागे धरली.

हॉटेलच्या मागे खाटेवर बसलो. गल्ल्यावरचा फोन सारखा वाजत होता, जेवायच्या वेळा विचारणारे. आप्पांनी चहा आणला. बसले, आणि न बोलता माझ्या कानाला हात लावला. भर उन्हात.

"गार पडलाय," म्हणाले. "काय झालं?"

सगळं सांगितलं. गाय, पडदा, परवाबाई, गोदाम. हमसाहमशी रडले, चहा तसाच राहिला. आप्पांनी माझा कप उचलून खाली ठेवला. मग म्हणाले, "म्या मेंढरं वय झालं म्हनून न्हाय इकली."

मी ओढणीने डोळे पुसून वर पाहिलं.

"सोमेश्वरनगरच्या अल्याड व्हतो. कापल्याली जवारी परत फुटली व्हती, कवळी, हिरवीगार. तसलं खाल्लं तर जनावर मरतं, हे माज्या बाला बी म्हाईत आन मला बी. पर त्या दिशी ताप व्हता अंगात. ध्यान न्हाय ऱ्हायलं. सूर्य डोक्यावर यायच्या आत एकोनीस गेली."

"आप्पा, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"लोक म्हनले, व्हतं असं. पर दुसऱ्या दिशी रानात मेंढरं घालायला पाय उचलंना. हिरवं दिसलं की भ्या वाटायचं. जलमभर ज्या हिरव्यामागं फिरलो, त्याचंच भ्या." त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली, परत उचलली. "दोनशे जित्ती व्हती, सारजा. माज्याकडं बघत हुबी. म्या त्यांच्याकडं बघितलंच न्हाय. एकोनीसच मोजत बसलो. आन मोजता मोजता दोनशे इकली."

बाहेर हॉर्न वाजला तसे उठले. मी म्हटलं, मला आधी का नाही सांगितलं?

"तुला काय सांगायचं? तुजा फोनवरचा आवाज येवडा भारी. सायबिनीवानी."

"माझा फोनवरचा आवाज तुम्ही कुठे ऐकलात?"

"न्हाय, लोक सांगत्यात," म्हणाले आणि टोपी घालून लगबगीने गाड्यांकडे गेले. निघताना "परवा येतो" म्हणाले. मी पिशवी उचलली. तो शब्द आता ऐकवत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

सही केली नाही. केली नाही म्हणजे, पेन काढलं होतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज ठमाबाईंचा फोन आला. कालवडीचे गोचीड जात नाहीत म्हणून. नाव ऐकलं आणि गोचिडाचं लिहायचं राहून गेलं. म्हटलं, "मावशी, तुमच्या गायीचं... ती नोंद मीच केली होती."

"म्हाईत हाय की. तुजाच आवाज."

"माझ्यामुळे गेली हो. मी जारेचं लिहिलंच नाही."

"का गं, असं का बोलतीस? तू मला वाचून दावलंस की. परवा व्याली, जार पडली न्हाय, लिवलं मावशी, असं म्हनलीस. म्या आपली निवांत झाले. डाक्टर आला न्हाय म्हनून शनवारी परत फोन लावला. तवा तू नव्हतीस. कुनी बाप्या व्हता. त्यो म्हनला, नोंद हाय, उद्या येत्याल. जार आडकली म्हनून त्याला बी सांगितलं व्हतं म्या."

मी त्यांना ते सगळं पुन्हा सांगायला लावलं. शेवटी ठमाबाई म्हणाल्या, "लय चांगली गाय व्हती. मला बी करमत न्हाय. पर तू गोचिडाचं लिव आता, फोनचं बिल माजं जातंय."

१२ फेब्रुवारी, बुधवार

शिवमला विचारलं, त्या चौकोनात किती अक्षरं मावतात?

"पन्नास, मॅडम. पुढचं ॲप कापून टाकतं. त्या दिवशी सांगितलं होतं की."

सांगितलं नव्हतं, सांगत होता. मी कागद घेतला आणि नोंद मोजली. अक्षर, काना, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातली पायमोड, स्वल्पविराम, दोन शब्दांतली रिकामी जागा, सगळं. ठमाबाईच्या ठ पासून सुरुवात केली. तीनदा मोजलं. पन्नासावा येतो तो परवातल्या वाचा काना. त्याच्यापुढे मी जे लिहिलं, ते पडद्यापर्यंत गेलंच नाही. एरवी थोडक्यात लिहिलेलं मावायचं, या वेळी वस्तीचा पत्ता लांबला.

म्हणजे मी लिहिलं होतं. तीन आठवडे माझी आठवण बरोबर होती आणि मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. पडद्यावर ठेवला.

आनंद व्हायला हवा होता. गाय मेलेलीच आहे. पण आज जेवण गेलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सरांचा टाईप केलेला खुलासा परत दिला आणि माझ्या हाताने लिहिलेला दिला. त्यात लिहिलं: मी काय लिहिलं होतं, पन्नासाव्या अक्षराला काय कापलं गेलं. माझं चुकलं तेही लिहिलं. परवाच्या जागी तारीख लिहायला हवी होती, आणि एवढं निकडीचं असताना आठ जानेवारीला निरवांगीच्या गायीसाठी लावला तसा सरळ फोन लावायला हवा होता. शेवटी लिहिलं, की शनिवारी याच गायीसाठी दुसरा फोन आला होता, तोही तपासावा. शनिवारी फोनवर कोण होतं ते लिहिलं नाही. त्यांना माहीत आहे.

खाली लिहिलं, मला फोनवरच ठेवावं, कारण हे काम मला येतं. हे शेवटचं वाक्य लिहायला सगळ्यात वेळ लागला.

सरांनी वाचलं. शनिवारच्या ओळीशी थांबले. कागद ड्रॉवरमध्ये ठेवला आणि म्हणाले, "ठीक आहे. बघू." बाहेर आले तर युवराज जिन्यात उभे. म्हणाले, "नोंद कळली नव्हती तर मी फोन करून विचारायला हवं होतं, मॅडम. मीटिंगमध्ये बोलायला हवं होतं. मला धीर झाला नाही." मलाही तीन आठवडे झाला नव्हता. दोघांनी चहा घेतला. कपात कुणी बघितलं नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

गोदामाचा विषय कुणी काढला नाही. चौकोन मोठा झालाय आणि त्याच्यावर तारखेसाठी वेगळा रकाना आलाय. ऑफिसातल्या बायका त्याला परवाचा रकाना म्हणतात. म्हणू देत.

आज सकाळी खुर्चीत बसले, पहिला फोन उचलला आणि तोंडातून आलं, "नमस्कार, मी सारजा बोलतेय." ठरवून नाही. दिवसभर तेच म्हटलं. कुणाला काही फरक पडला नाही. लोकांच्या गाई आजारी असतात, त्यांना नावाशी काय करायचंय.

तीन वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. मी म्हटलं, "नमस्कार, मी सारजा बोलतेय." पलीकडे कुणी बोलेना. मागे ट्रकचे हॉर्न, कपबश्या. या वेळी मी रागावले नाही. का कोण जाणे, थांबले.

बऱ्याच वेळाने आवाज आला. "रोज तर सारिका म्हनतीस."

रोज. रोज तीन वाजता, गाड्यांची गर्दी ओसरली की, मालकाला विचारून, गल्ल्यावरून. एक वाक्य ऐकायला. आणि मी शिवमला तो नंबर बंद करायला सांगितला होता. नशीब, तो नुसतंच "बघतो" म्हणाला होता.

"आप्पा," मी म्हटलं.

"परत म्हन की," म्हणाले. "तुजं नाव."

मी परत म्हटलं. शेजारच्या टेबलावरची माणसं बघत होती. आप्पांनी घसा खाकरला आणि एकदम गिऱ्हाइकासारखे बोलायला लागले.

"नोंद करायची व्हती. मेंढी हाय. एकच हाय. काल घेतली, गाभन. मालक म्हनला, मागं बांधा."

"एकच?"

"मोजायला सोपी," म्हणाले.

आमच्याकडे फक्त गाई-म्हशींची नोंद होते, मेंढीची होत नाही. मी रकाना उघडला. आप्पांचं नाव लिहिलं, दादासो. गाव भिगवण. मग नेहमीचा प्रश्न विचारला, कधी विणार आहे?

"परवा."

"कोणता परवा, आप्पा?"

"येनारा," ते म्हणाले.

मी वीस फेब्रुवारी लिहिलं. मग हीच डायरी काढली आणि गुरुवारच्या पानावरही लिहून ठेवलं. पुढचा फोन वाजत होता.